पोळ्याच्या रांगेत राळेगण

पावसानं दुपारनंतर उघडीप दिली आहे आणि राळेगणसिद्धीत बैल घराबाहेर निघू लागले आहेत. शिंगांना हिंगूळ, वर बेगड, पाठीवर झूल, पायात तोडे. काल खांदेमळणी झाली, तिच्या हळदीचा पिवळेपणा मानेवर अजून आहे. बैलजोड्या मोजक्याच. मधूनमधून ट्रॅक्टर घुसलेत, बोनेटवर झेंडूचे हार घालून. हलगीवाले बाहेरगावाहून बोलावलेत, ते पुढं.

मी यादवबाबांच्या मंदिराकडं जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला उभी आहे आणि रांग बघते आहे. कुणामागं कोण येतं, ते बघते आहे. पोळ्याच्या रांगेइतकी गावाची घडण दुसरीकडं क्वचितच उघडी पडते. मानाची जोडी पाटलाची, तिच्यामागं कुळाकुळाच्या, आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीतला बैल सगळ्यांच्या शेवटी, नाहीतर रांगेतच नाही. त्र्यंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिलं, त्यातलं गाव असंच होतं. प्रत्येकाचं काम ठरलेलं, प्रत्येकाचा मान आणि अपमानही ठरलेला. महाराष्ट्रात पोळ्याच्या मानावरून आजही भांडणं होतात.

इथं पुढून येणारी एक जोडी बौद्ध घरातली आहे. तिच्या मागं मराठ्यांचा ट्रॅक्टर, त्याच्यामागं पुन्हा बैल. कासरा धरलेला पोरगा विशीतला. शेजारची म्हातारी मला सांगते, “आमचं बैल लई वरसं झाली ह्याच वाटंनं जात्यात, ताई. आधी न्हवतं तसं.” सून तिचा हात धरून तिला बाजूला घेते, कारण एक खोंड हलगीला बुजलाय.

‘आधी’ म्हणजे अण्णा हजारे सैन्यातून निवृत्त होऊन १९७५ साली गावी परतले, त्याच्या आधी. तेव्हाचं राळेगण म्हणजे तुटपुंजा पाऊस, कोरड्या विहिरी, दारूच्या भट्ट्या आणि कामासाठी बाहेर गेलेली माणसं. पुढं नालाबांध, पाझर तलाव, श्रमदान झालं. ती गोष्ट महाराष्ट्राला पाठ आहे. दुसरी तितकी सांगितली जात नाही. १९८०च्या दशकात इथली दलित कुटुंबं बँकेच्या कर्जात अडकली होती. गावानं त्यांच्या रानात स्वतः राबून पीक काढलं आणि त्या पिकातून कर्ज फेडलं. त्यांच्या पक्क्या घरांसाठीही श्रमदान झालं. सामुदायिक विवाहात त्यांची लग्नं त्याच मांडवात लागू लागली आणि पोळ्याच्या रांगेत त्यांचे बैल आले. मला हे फार मोठं वाटतं. दुसऱ्याच्या रानात घाम गाळून त्याचं कर्ज फेडणारी किती गावं आपल्याला माहीत आहेत?

राळेगण सुमारे अडीच हजार वस्तीचं. बहुसंख्य मराठा. मापारी, औटी, पठारे ही आडनावं इथं पुन्हापुन्हा कानावर येतात. बाकी महार म्हणजे आताचे बौद्ध, मातंग, चर्मकार, न्हावी, सुतार, भराडी यांची थोडी थोडी घरं. तालुका पाहिला तर पारनेरात ठाकर, भिल्ल, धनगरही आहेत. पण रांगेतल्या चेहऱ्यांकडं बघून मला यातलं काही सांगता येणार नाही. सगळे सारख्याच उन्हानं रापलेले, सगळ्यांच्या कपाळावर गुलाल. १९०१च्या जनगणनेचे प्रमुख हर्बर्ट रिस्ले यांचा विश्वास होता की नाकाची रुंदी मोजून माणसाची जात कुठल्या वंशाची ते ठरवता येतं. नंतर इरावती कर्व्यांनी महाराष्ट्रभर फिरून माणसांची मापं घेतली. त्यांना उलटंच दिसलं: कुंभार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या निरनिराळ्या जाती एका मुळाच्या असतीलच असं नाही. आडनावाचंही तेच. जाधव, पवार, गायकवाड मराठ्यांत आहेत, बौद्धांत आहेत, मातंगांतही आहेत. आपल्याकडं माणूस कुठल्या आळीतून बाहेर पडतो, त्यावरून ओळखला जातो. म्हणून ही रांग महत्त्वाची. तिच्यात आळ्या मिसळतात.

रांग आता देवळापाशी दाटली आहे. पारावर जागा मिळते. तिथं एक निवृत्त गुरुजी बसलेत, शेजारच्याच गावचे. जनगणनेच्या कामावर त्यांनी घरन्‌घर पालथं घातलेलं आहे. विषय आपोआप निघतो, कारण सगळीकडं तोच आहे: केंद्रानं ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केलं की येत्या जनगणनेत जात विचारली जाईल. १९३१नंतर पहिल्यांदा प्रत्येकाची जात मोजली आणि मांडली जाणार. स्वातंत्र्यानंतरच्या जनगणनांत जात नोंदवली जायची ती फक्त अनुसूचित जाती-जमातींची.

“त्यातही घोळ होताच,” गुरुजी सांगतात. १९५६च्या धम्मदीक्षेनंतर ज्यांनी धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहिलं, ते पुढच्या तीन जनगणनांत अनुसूचित जातींत मोजलेच गेले नाहीत. राज्य सरकारच्या सवलती त्यांना होत्या, पण केंद्राची मान्यता आली १९९० साली, म्हणून १९९१मध्ये ते पुन्हा त्या आकड्यात दिसले. घर तेच, गल्ली तीच, माणसंही तीच. कागदावर मात्र गावचा एक समाज तीस वर्षं आक्रसलेला. मघाचा कासरेवाला पोरगा बैल बांधून आमच्याजवळ येऊन टेकलाय. तो लक्ष देऊन ऐकतो. म्हणतो, “आजोबांनी बौद्धच लिवलं होतं. सवलत जाईल म्हणून लोकांनी सांगितलं, तरी.” मला त्या न पाहिलेल्या आजोबांबद्दल विलक्षण आदर वाटतो.

पारावर बसून मला राळेगणबद्दलची माझी अस्वस्थताही बोलून दाखवली पाहिजे. मुकुल शर्मांनी २०१२ सालच्या ‘ग्रीन अँड सॅफ्रन’ या पुस्तकात राळेगणची कठोर चिकित्सा केली आहे. दलितांना गावानं सामावून घेतलं, पण बहुसंख्यांच्या चालीरीतींच्या चौकटीत; गाव स्वयंपूर्ण हवं म्हणून प्रत्येक जातीनं आपापलं काम करावं, ही जुनी कल्पना तिथं तशीच राहिली, असं त्यांचं म्हणणं. या टीकेत तथ्य आहे असं मला वाटतं, आणि त्यामुळं कर्ज फेडणाऱ्या हातांचं मोल कमी होत नाही. गावात एक सुतार, एक चर्मकार, एक न्हावी असावा असं म्हणताना आपण माणसांऐवजी जागा मोजत असतो. डॉ. आंबेडकरांनी नोव्हेंबर १९४८मध्ये घटना समितीत खेड्याच्या गौरवाला विरोध केला, तो याच अनुभवातून. रांगेत जागा देणारं गाव चांगलं. पण जागा ‘दिली’ जाते तोवर देणारा आणि घेणारा उरतातच. माझ्या शेजारी बसलेल्या या पोराला ती कुणी द्यावी लागू नये. तो पुण्याजवळच्या कारखान्यात वेल्डर आहे, पोळ्यासाठी रजा काढून आलाय.

पुरणपोळीचं ताट येतं. एक मावशी मला, गुरुजींना, पोराला एकाच परातीतून वाढते. पाणी एकाच कळशीतून. बाबा आढावांनी १९७०च्या दशकात ‘एक गाव एक पाणवठा’ म्हणत महाराष्ट्र पिंजून काढला, तेव्हा हे इतकं साधं नव्हतं.

ताटं उचलायला येणारा मुलगा मराठी तुटकं बोलतो. बिहारमधल्या सिवानचा. आधी सुपे एमआयडीसीत होता, आता वर्ष झालं, इथल्या एका शेतकऱ्याच्या गोठ्यावर आणि कांद्याच्या रानात काम करतो. मालकाची बैलजोडी आज सकाळी त्यानंच धुतली, शिंगंही त्यानंच रंगवली. एकेकाळी याच गावातली माणसं पोटासाठी बाहेर पडत होती. पाणी आलं, तशी काही परतली, आणि आता रानातल्या कामाला माणूस बाहेरून येतो. गावाची घडण पाण्यानं अशीही बदलते.

गणनेचं बोलणं त्यानं ऐकलंय. तो गुरुजींना विचारतो, “हमारा नाम कहाँ लिखेंगे? सिवान में?”

“गणनेच्या दिवसांत जिथं राहत असशील तिथं,” गुरुजी म्हणतात आणि मग हिंदीत समजावतात. म्हणजे इथंच, राळेगणात. गोठ्याचा मालक बाजूलाच उभा आहे, तो मान डोलावतो.

“और भाषा?”

“मातृभाषा विचारतात. घरी आईशी काय बोलतोस?”

“भोजपुरी. लेकिन हिंदी लिखवा देंगे, वही चलता है.”

गुरुजी ताट खाली ठेवतात. सरकारी तक्त्यात भोजपुरी हिंदीच्याच पोटात धरली जाते, तिचा आकडा मात्र वेगळा निघतो, हे त्यांना कामावर असतानाच कळलेलं आहे. “वो लोग बाद में जहाँ डालना है डालें,” ते त्याला सांगतात. “तू भोजपुरीच सांग. आणि लिहून झालं की वाचून दाखव म्हणावं.”