गुंजनाचा वर्ग आणि राहून गेलेलं एक वाक्य

सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत एका पेशंटच्या वाट्याला फार तर तीन-चार मिनिटं येतात. बीपी, दोन प्रश्न, औषधं, पुढचा नंबर. त्या मिनिटांत गेली कित्येक वर्षं एक प्रश्न हमखास कानावर येतो, "डॉक्टर, रात्र रात्र झोप नाही. गोळीशिवाय काही सांगा ना." मी ठरलेलं उत्तर द्यायचो, "प्राणायाम करा, ओंकार म्हणा." तो कसा म्हणायचा, किती वेळ, कोणी जपून करायचा, यातलं मला काहीच येत नव्हतं. ज्या औषधाची मला माहिती नाही, ते मी केसपेपरवर कधी लिहिलं नसतं. इथे मात्र बिनदिक्कत सांगत होतो.

ही बोच मनात होती, म्हणून पन्नाशी उलटल्यावर नादावर आधारित योग आणि ध्यान शिकवण्याचं प्रशिक्षण घ्यायचं ठरवलं. सहा महिने, दर रविवारी सकाळी. वर्गात दोन शाळाशिक्षिका, तीन गृहिणी, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आणि मी.

पहिल्याच दिवशी ओंकार म्हणायला लावतील असं वाटलं होतं. शिकवणाऱ्या बाईंनी आधी ऐकायला लावलं. डोळे मिटून दहा मिनिटं बसायचं. सगळ्यात लांबचा आवाज ऐकायचा, मग जवळचा, मग स्वतःच्या श्वासाचा. पंधराव्या शतकाच्या सुमारास स्वात्मारामांनी लिहिलेल्या हठप्रदीपिकेत भ्रामरी दुसऱ्या अध्यायात, आठ कुंभकांमध्ये येते. चौथ्या अध्यायात नादानुसंधान आहे. म्हणजे नादाचा मागोवा घेत मन स्थिर करणं. आवाज काढणं हा अर्धा भाग, तो विरताना ऐकणं हा उरलेला अर्धा, हे मला तिथे कळलं.

शिकवण्याची माझी पाळी आली तेव्हा फजिती झाली. "श्वास घ्या... सोडा... घ्या..." अशी मी सूचनांची सरबत्ती सुरू केली. बाई हसून म्हणाल्या, "डॉक्टर, वर्ग घेताय की छाती तपासताय? तुमच्या श्वासामागे त्यांना फरफटत नेऊ नका." शिकवणाऱ्याचा उच्छ्वास पंधरा सेकंदांचा असेल आणि समोरच्या आजींचा पाच सेकंदांचा, तर आजी धापा टाकू लागतात. ज्याचा त्याचा सूर वेगळा, ज्याचा त्याचा श्वास वेगळा. मला माझी घाई सोडायला शिकावं लागलं.

आता यामागचं शास्त्र. एरवी आपण मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. ओठ मिटून गुंजन करताना हवा नाकातून हळूहळू बाहेर पडते, त्यामुळे उच्छ्वास आपोआप लांबतो. श्वास घेताना हृदयाची गती किंचित वाढते, सोडताना कमी होते. उच्छ्वास लांबला की व्हेगस या मज्जातंतूचा हृदयाला सावकाश करणारा प्रभाव जास्त वेळ टिकतो. इटलीतल्या बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेला अभ्यास इथे फार बोलका आहे. २३ निरोगी माणसांनी एकदा लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना म्हटली, एकदा योगमंत्र म्हटला. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला.

हा अभ्यास मला वर्गात फार उपयोगी पडतो. आमच्याकडे सगळ्या धर्मांचे पेशंट येतात. कुणाला ओंकार जवळचा वाटतो, कुणाला अवघडल्यासारखं होतं. मी सांगतो, नुसता मकार गुणगुणा. शरीराला लांब, सावकाश उच्छ्वास मिळाला की पुरे.

आणखी एक निरीक्षण. स्वीडनमधल्या संशोधकांनी २००२ साली दाखवलं की गुणगुणताना नाकातून बाहेर पडणाऱ्या हवेतलं नायट्रिक ऑक्साइड शांत उच्छ्वासाच्या तुलनेत सुमारे १५ पट वाढतं. कंपनांमुळे सायनसच्या पोकळ्यांतली हवा खेळती होते, असा त्याचा अर्थ. पण मोजलं होतं ते वायूचं प्रमाण, आजार बरा होणं नव्हे. या दोन्हींतला फरक शिकवणाऱ्याने विसरायचा नसतो. आणि नेमका तोच मी एकदा विसरलो.

प्रशिक्षण संपल्यावर ओपीडीच्या वेळेआधी अर्धा तास मी वर्ग सुरू केला. सतरंजी, काही खुर्च्या, दहा-बारा पेशंट. त्यात एसटीतून निवृत्त झालेले एक काका होते, बीपीचे जुने पेशंट. तिसऱ्या आठवड्यात म्हणाले, "साहेब, डोकं एकदम हलकं वाटतं. झोपही लागते." मी खूश झालो, सगळ्यांसमोर त्यांचं कौतुक केलं. पुढे ते दिसले ते अपघात विभागात. बीपी २१० वर ११०, जीभ अडखळत होती, उजव्या हातात जोर नव्हता. काही तासांत लक्षणं ओसरली. दैव बलवत्तर, दुसरं काय. गोळ्या विचारल्यावर ते म्हणाले, "बंद केल्या ना. तुम्हीच शिकवलंत, बरं वाटत होतं."

मी गोळ्या बंद करायला सांगितलं नव्हतं. पण चालू ठेवा, असंही सांगितलं नव्हतं. तेवढं एक वाक्य राहून गेलं होतं. आणि हे वाक्य योगशिक्षकापेक्षा डॉक्टरच्या तोंडून जायला हवं होतं, कारण त्या खोलीत मी दोन्ही होतो. माझ्या कौतुकाला काकांनी डॉक्टरचा सल्ला समजलं, यात त्यांची काय चूक?

वाढलेला रक्तदाब बहुतेकांना जाणवतच नाही. म्हणून "डोकं हलकं वाटतं" यावरून बीपी उतरलं की नाही, हे कळत नाही. ते यंत्रच सांगतं. बरं वाटणं आणि बरं होणं यांत आपण बोलताना फारसा फरक करत नाही. शरीर मात्र करतं.

त्या दिवसापासून माझ्या वर्गाची सुरुवात आणि शेवट एकाच वाक्याने होतो, "औषध चालू, गुंजन जोडीला." आठवड्यातून एकदा वर्गातच सगळ्यांचं बीपी मोजतो. कमी भरलं तर गोळीचा डोस ओपीडीत ठरतो, सतरंजीवर नाही. काका आजही येतात, आणि नव्या माणसाला हे वाक्य तेच आधी ऐकवतात.

घरी करायचं असेल तर एवढं पुरे. पाठ ताठ ठेवून आरामात बसा, खुर्चीवरही चालेल. ओठ मिटलेले, दात किंचित विलग. नाकाने सहज श्वास घ्या, सोडताना सोसेल त्या सुरात, सोसेल तितकाच वेळ गुणगुणा. आवाज थांबला की लगेच पुढचा श्वास ओढू नका. क्षणभर शांतता ऐका. पाच ते दहा आवर्तनं झाली की एक-दोन मिनिटं नुसतं बसा.

बीपी आणि हृदयविकार असलेल्यांनी श्वास रोखून धरू नये. कान बोटांनी बंद करताना अलगद करावेत, कानात संसर्ग असेल तर करूच नयेत. काचबिंदू असेल तर डोळ्यांवर बोटांचा दाब नको. कानात सतत गुणगुण ऐकू येणाऱ्यांना कान बंद केल्यावर ती जास्त जाणवते, त्यांनी कान उघडेच ठेवावेत. चक्कर किंवा घाबरल्यासारखं वाटलं तर थांबावं. गंभीर मानसिक आजाराचे उपचार चालू असतील तर लांबलचक ध्यानाला बसण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावं.

आणि कुणाकडे शिकायला जाणार असाल, तर "यानं काय काय बरं होतं?" हा प्रश्न नंतर विचारा. "यानं काय होत नाही?" हे आधी विचारा. ज्यांना त्याचं उत्तर देता येतं, त्यांच्यासमोर निर्धास्त डोळे मिटून बसा.