दोन मिनिटांचं विमान

मुंबई विमानतळाची मुख्य धावपट्टी साडेतीन किलोमीटरच्या आसपास आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांवर त्याहून कमी अंतरासाठी चक्क नियमित विमानसेवा चालते. वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या शेजारच्या दोन बेटांवरच्या धावपट्ट्यांमध्ये जेमतेम २.७ किलोमीटरचं अंतर. वेळापत्रकात दोन मिनिटं दिलेली असतात, पण वाऱ्याने साथ दिली तर प्रवास त्याआधीच संपतो. स्टुअर्ट लिंकलेटर या वैमानिकाने तो ५३ सेकंदांत पार पाडल्याची नोंद आहे. जगातलं सर्वांत छोटं नियमित उड्डाण ते हेच.

विक्रमाच्या हौसेपायी मात्र ही सेवा सुरू झालेली नाही. लोगनएअरने १९६७ मध्ये ती सुरू केली ती बेटांच्या सोयीसाठी. ऑर्कनीचं मुख्य गाव कर्कवॉल. तिथून निघालेलं विमान एका बेटावर उतरतं, दुसऱ्यावर जातं आणि परत फिरतं. त्या फेरीतला मधला टप्पा म्हणजे हे दोन मिनिटांचं उड्डाण. आपल्याकडे एसटी वाटेतल्या फाट्यावर थांबून पुढे जाते, तसंच हे.

विमानही त्याच जातीचं. ब्रिटन-नॉर्मन आयलंडर, दोन पंख्यांचं, आठ-नऊ जणांचं. वैमानिक एकटाच. त्याची जागा आणि प्रवासी यांच्यात पडदासुद्धा नाही. सुरक्षेच्या सूचना तोच मागे वळून देतो आणि लगेच इंजिनं सुरू करतो. वजनाचा तोल राखायचा म्हणून कोणी कुठे बसायचं हे सांगितलं जातं. नशीब असेल तर त्याच्या शेजारची जागा मिळते आणि समोरच्या काचेतून एक धावपट्टी मागे पडते न पडते तोच दुसरी दिसू लागते. छोट्या धावपट्टीवरून चढता-उतरता येणं, हीच या विमानाची खरी ताकद.

पापा वेस्ट्रेवर वस्ती नव्वदच्या घरात. स्थानिक लोक बेटाला नुसतं ‘पापे’ म्हणतात. इतक्या कमी माणसांसाठी प्रत्येक विषयाचा शिक्षक किंवा कायमचा डॉक्टर ठेवणं परवडत नाही, म्हणून ती माणसं विमानाने येतात. तिकिटाच्या पैशांत हा खर्च निघणं शक्य नाही. त्यामुळे स्थानिक कौन्सिल तो भार उचलते. नव्वद माणसांसाठी सरकारी पैसा खर्चावा का, असा प्रश्न कोणी विचारील. माझ्या मते खर्चावा. शाळा आणि दवाखाना आवाक्यात राहिला तरच तरुण कुटुंबं बेटावर टिकतात.

आणि इथे माणूस फार जुना. किनाऱ्यालगतचं नॅप ऑफ हावर हे साडेपाच हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचं घर. शेजारी शेजारी दोन दगडी खोल्या, मधून बुटका रस्ता, वाकून जायचं. भिंती अजून उभ्या आहेत. उत्तर युरोपातल्या सर्वांत जुन्या टिकलेल्या घरांमध्ये याची गणना होते. नुसतं विमानात बसून परत फिरणारे पर्यटक हे घर न पाहताच जातात, याची हळहळ वाटते.

उत्तरेच्या माळरानावर उन्हाळ्यात आर्क्टिक टर्न पक्षी घरटी करतात. फार जवळ गेलं तर डोक्यावर झेपावतात. धुकं दाटलं की विमान रद्द होतं. अशा दिवशी वेस्ट्रेच्या पिअरोवॉल बंदरातून सुटणाऱ्या लहान बोटीची वेळ आधी विचारून ठेवावी.