जुने तांब्याचे नाणे घासू नका

मालवण, देवगड, वेंगुर्ले या पट्ट्यात एखादे जुने घर उतरवले की तांब्यापितळेची भांडी मोडीत निघतात. त्यांच्यासोबत कधी कधी मूठभर काळपट नाणीही येतात. ती भंगारवाले आणि कलईवाले यांच्या हातून पुढे जातात. म्हणून आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांसाठी हे चार शब्द.

या भागात तांब्याची दोन नाणी विशेष चालली. पहिले शिवराई. एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’. पेशवाईतही ती पाडली जात होती. दुसरा कंपनी सरकारचा पैसा. कोल्हापूरकरांकडून मालवण इंग्रजांकडे गेले ते १८१२ साली. त्याआधीच, १८०४ मध्ये, मुंबई इलाख्यासाठी बर्मिंगहॅमच्या सोहो टांकसाळीत हे पैसे वाफेच्या यंत्रावर पाडले गेले. त्यावर तराजू, तराजूत ‘अदल’ म्हणजे इन्साफ हा शब्द आणि हिजरी सन १२१९.

याच सोहोच्या कारखान्याने अमेरिकेला सेंट पाडण्यासाठी तांब्याच्या कोऱ्या चकत्या पुरवल्या होत्या. १७९३ ते १८५७ या काळातील त्या मोठ्या सेंटांचे शौकीन तिकडे फार. १९४९ साली शेल्डन नावाच्या जाणकाराने या नाण्यांची स्थिती ठरवण्यासाठी १ ते ७० गुणांचे मोजमाप बसवले. आज ते सर्व प्रकारच्या नाण्यांना लावतात. एकाच सालाच्या दोन नाण्यांच्या किमतीत मोठी तफावत पडते ती या स्थितीमुळेच.

आपल्याकडे मात्र नाणे हाती येताच आमसुलाने किंवा चिंचेने घासून लखलखीत करतात. भांड्याला ते ठीक. नाण्याची मूळ कांती आंबटाने खाल्ली जाते आणि किंमत तिथेच उतरते. घट्ट बसलेला तपकिरी किंवा हिरवट थर नाण्याचे रक्षण करतो, तो काढू नये. सुटी हिरवी पूड पडत असेल तर मात्र खाऱ्या हवेने तांबे पोखरले जात आहे असे समजावे. असे नाणे वेगळे, कोरड्या जागी ठेवून जाणकारास दाखवावे. नाणे कडेने धरावे, कागदी पाकिटात ठेवावे आणि कोठे मिळाले ते पाकिटावर लिहावे.

कायदाही ध्यानात असू द्या. जमिनीत पुरलेले, दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडल्यास १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. शंभर वर्षांहून जुने नाणे खासगी व्यक्तीने परदेशी पाठवण्यास १९७२ च्या कायद्याने बंदी आहे.

तेव्हा बांधवांनो, मोडीतले नाणे काट्यावर टाकण्याआधी एकदा भिंगाखाली पाहा.