जनतेचा पैसा, जनतेचं आरोग्य (लेखांक ६) : बंदुकीचा अभ्यास आणि आपल्या शेतातलं औषध

बंदूक म्हटली की सातारकरांना आधी डॉ. नरेंद्र दाभोलकर आठवतात. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. पुढचं काम पोलिसांचं आणि न्यायालयाचं होतं. आपल्याकडे बंदुकीचा प्रश्न बहुधा तिथंच संपतो, कारण १९५९ च्या शस्त्र कायद्यामुळे परवान्याशिवाय ती बाळगताच येत नाही.

अमेरिकेत ती घरोघरी आहे. म्हणून तिथल्या डॉक्टरांनी साथरोगाबद्दल विचारतात तसाच प्रश्न विचारला : घरात बंदूक असली की माणसं सुरक्षित राहतात, की त्यांचा धोका वाढतो? आर्थर केलरमन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये उत्तर छापलं. ज्या घरात बंदूक, तिथं खून होण्याचा धोका सुमारे २.७ पट. या अभ्यासाला पैसा होता 'सीडीसी'चा, म्हणजे तिथल्या केंद्रीय रोगनियंत्रण संस्थेचा. बंदूकवाल्यांची बलाढ्य संघटना, नॅशनल रायफल असोसिएशन, या संस्थेच्या मागेच लागली.

१९९६ मध्ये जे डिकी या लोकप्रतिनिधीच्या नावानं खर्चाच्या विधेयकात एक वाक्य आलं : हा निधी बंदूक-नियंत्रणाच्या पुरस्कारासाठी वापरायचा नाही. संशोधनावर बंदी असं कुठंही लिहिलेलं नव्हतं. पण त्याच वेळी संस्थेच्या निधीतून नेमके २६ लाख डॉलर काढून घेतले गेले. आदल्या वर्षी बंदुकीच्या अभ्यासावर झालेला खर्चही तेवढाच होता. अधिकाऱ्यांना काय समजायचं ते समजलं. वीसहून अधिक वर्षं हा विषय जवळजवळ सरकारी पैशावाचून पडून राहिला. २०१२ मध्ये खुद्द डिकी यांनी, एकेकाळचे त्यांचे विरोधक डॉ. मार्क रोझेनबर्ग यांच्यासोबत लेख लिहून, हे संशोधन व्हायला हवं असं जाहीरपणे मांडलं. पैसा परत यायला २०१९ चा डिसेंबर उजाडला. अडीच कोटी डॉलर मंजूर झाले. निम्मे सीडीसीला, निम्मे 'एनआयएच' या राष्ट्रीय आरोग्य संशोधन संस्थेला.

लोणंदच्या बाजारात कांदा घालणाऱ्याला याचं काय, असं कुणी विचारेल. त्याला माझं उत्तर आहे. अमेरिकेत बंदुकीनं होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. आत्महत्येचा विचार पुष्कळदा लाटेसारखा येतो आणि ओसरतो. त्या घडीला जीवघेणं साधन हाताशी नसेल, तर माणूस वाचतो. आणि वाचलेली बहुतेक माणसं पुढं आत्महत्येनं मरत नाहीत. आपल्या घरात बंदूक नाही. करप्यावर आणि फुलकिड्यांवर मारायचं औषध मात्र आहे. २०१२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार २०१० साली भारतात सुमारे १ लाख ८७ हजार आत्महत्या झाल्या, त्यांतल्या जवळपास निम्म्या विषानं, मुख्यतः कीटकनाशकानं. या अभ्यासाचा खर्च उचलला होता त्याच अमेरिकन एनआयएचनं. आपले मृत्यू मोजायला पैसा परक्या तिजोरीतून यावा, हे मला फार लागतं.

श्रीलंकेनं सर्वांत जहाल कीटकनाशकं एकेक करून बंद केली. १९९५ मध्ये तिथं लाखामागे ४७ आत्महत्या होत, २००५ पर्यंत त्या २४ वर आल्या. मग आणखी एक उपाय पुढं आला : औषधाला कुलूपबंद पेटी द्या. ऐकताक्षणी पटणारा. तिथल्या १८० गावांत रीतसर चाचणी झाली आणि २०१७ मध्ये निकाल आला की पेट्यांनी विषबाधा कमी झाल्या नाहीत. चाचणी झाली नसती तर कितीतरी सरकारांनी पेट्या वाटून हात झटकले असते.

विकणारी कंपनी असा अभ्यास करणार नाही. तो सरकारी पैशातूनच व्हायला हवा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आहे, २००७ पासून केंद्रात आरोग्य संशोधनाचा स्वतंत्र विभाग आहे. माझी मागणी साधी आहे : विषबाधेचा रोगी आला की कोणतं औषध, किती तीव्रतेचं, हे प्रत्येक ग्रामीण रुग्णालयानं नोंदवावं, जिल्ह्याजिल्ह्याची ही नोंद दरवर्षी जाहीर व्हावी आणि त्यासाठी अर्थसंकल्पात वेगळा निधी असावा. आमदार, खासदार मत मागायला येतील तेव्हा हे विचारा.

आणि हे वाचताना कुणाचं मन जड झालं असेल, किंवा घरातल्या कुणाची काळजी वाटत असेल, तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक लावा. तो सरकारी आहे, मोफत आहे, रात्रंदिवस चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.