प्राणीहक्कवाल्यांची टिंगल करावी का?



जीवशास्त्रात किंवा फार्मसीत संशोधनाला लागलात की काही विनोद तुमच्या कानावर हमखास पडणार. चहाच्या वेळी कुणीतरी प्राणीहक्काच्या मोर्चाची बातमी वाचून दाखवतं आणि मग सुरू होतं. "यांना म्हणावं, ताप आला की गोळी घेऊ नका." "गाजर उपटताना त्यालाही दुखत असेल की!" "डास चावला तर काय निवेदन देतात का?" सगळे हसतात. मीही हसले आहे. म्हणून हा लेख उपदेश म्हणून वाचू नका. माझी एक चूक झाली, तिच्यातून जे कळलं ते सांगतेय.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी आमच्या लॅबमध्ये उन्हाळी प्रोजेक्टला एक मुलगी आली होती. मांस नाही, चामडं नाही, रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी धावपळ करणारी. मी उंदीर पिंजऱ्यातून काढताना तिने विचारलं, "ताई, शेपटीला धरून का उचलता? घाबरत नाही का तो?" मी म्हटलं, "मग काय पालखीतून नेऊ?" लॅब हसली. ती गप्प बसली आणि पुन्हा काही विचारायला आली नाही.

तेव्हा मी उंदरांमधली चिंता मोजत होते. उंचावर ठेवलेल्या अधिक चिन्हाच्या आकाराच्या मार्गिकेवर उंदीर सोडायचा आणि तो उघड्या बाजूला किती वेळ जातो ते पाहायचं. माझे कंट्रोल गटातले, म्हणजे कोणतंही औषध न दिलेले उंदीरच इतके बिचकत होते की औषधाचा परिणाम दिसायला जागाच उरत नव्हती. कारण शोधता शोधता लिव्हरपूल विद्यापीठातल्या जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांचा २०१०चा शोधनिबंध हाती लागला. शेपटीला धरून उचललेले उंदीर जास्त चिंताग्रस्त होतात, नळीतून किंवा ओंजळीत उचललेले कमी, असं त्यात दाखवलं होतं. माझी सगळी गडबड एवढ्या एकाच कारणाने झाली असं मी म्हणणार नाही. पण एक प्रश्न मला फुकट मिळाला होता आणि मी तो विनोदात घालवला, हे खरं. आता आम्ही पारदर्शक नळी वापरतो. पालखीच म्हणा ना.

विधान कुठल्या जातीचं आहे ते आधी बघा

आता मूळ प्रश्न. एखाद्याच्या श्रद्धेची, मताची टिंगल करणं न्याय्य आहे का? मताला संरक्षण नसतं, ते तपासलं गेलंच पाहिजे, हे मान्य. पण तपासण्याआधी विधान कुठल्या जातीचं आहे ते पाहावं लागतं. कार्यकर्त्यांच्या बोलण्यात सहसा दोन प्रकारची विधानं मिसळलेली असतात.

पहिला प्रकार वस्तुस्थितीचा. उदाहरणार्थ, "प्राण्यांवरच्या प्रयोगांचा माणसाला कधीच उपयोग झाला नाही." हे चूक आहे. १९२१मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले आणि त्यातून इन्सुलिन आलं. किंवा, "थॅलिडोमाइड प्राण्यांच्या चाचणीत पास झालं होतं, तरी बाळं व्यंग घेऊन जन्मली." हे अर्धवट आहे. ते औषध बाजारात आलं तेव्हा गाभण प्राण्यांवर त्याची पुरेशी चाचणी झालेलीच नव्हती. पुढे सशांवर तपासलं तेव्हा पिल्लांमध्ये व्यंग दिसलं. अशा विधानांना पुराव्याने उत्तर द्यावं, आणि ते आपल्याला येतं.

दुसरा प्रकार मूल्यांचा. "माझ्या फायद्यासाठी दुसऱ्या जिवाला वेदना देण्याचा मला अधिकार नाही." याला प्रयोगाने खोटं पाडता येत नाही. इथे युक्तिवाद लागतो, आणि तो नसला की आपण गाजर पुढे करतो. गाजराला मज्जासंस्था नाही, उंदराला आहे. वेदनेचा प्रश्न तिथूनच सुरू होतो. "तुम्ही पण तर डास मारता" हेही उत्तर नव्हे. समोरचा माणूस वागण्यात कमी पडतो याचा अर्थ त्याचं म्हणणं चूक, असा होत नाही. मधुमेही डॉक्टरने साखर कमी खा सांगितलं तर सल्ला खोटा ठरतो का?

शिवाय "प्राणीहक्कवाले" ही एकच फौज नाही. पीटर सिंगर यांचं 'ॲनिमल लिबरेशन' १९७५चं. त्यांचा मुद्दा हक्कांपेक्षा वेदनेच्या हिशोबाचा आहे, त्यामुळे एखाद्या प्रयोगाला तत्त्वतः जागा उरते. टॉम रीगन यांनी १९८३मध्ये खऱ्या अर्थाने हक्कांची बाजू मांडली. त्यांच्या मते प्राणी हे साधन म्हणून वापरायचेच नाहीत. दोघांना देण्याची उत्तरं वेगळी आहेत. विनोद मात्र दोघांवर एकच असतो, आणि तो दोघांनाही लागत नाही.

हसणाऱ्यांचं पुढे काय झालं

१७९२मध्ये मेरी वुलस्टनक्राफ्ट यांनी स्त्रियांच्या हक्कांवर पुस्तक लिहिलं. त्याची खिल्ली उडवायला त्याच वर्षी थॉमस टेलर या विद्वानाने नाव न देता एक पुस्तिका काढली. विषय जनावरांचे हक्क. अर्थ असा, की बायकांना हक्क द्यायचे तर मग जनावरांनाही द्या की! आज त्या विनोदाची दोन्ही टोकं निखळली आहेत. स्त्रियांचे हक्क कायद्यात आहेत आणि प्राण्यांचा प्रश्न विद्यापीठात गांभीर्याने शिकवला जातो.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्ध खासगी विधेयक मांडलं. सरकार स्वतः कायदा करेल या आश्वासनावर त्यांनी ते मागे घेतलं, आणि १९६०चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आला. हा कायदा प्रयोगांवर बंदी घालत नाही. पण पुस्तकं, मॉडेल, फिल्म यांनी शिकवण्याचं काम भागत असेल तर प्रयोग टाळा, आणि लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा घेऊ नका, असं तो सांगतो. तुमच्या माझ्या लॅबचे नियम यातूनच आले.

अमेरिकेत हेन्री स्पायरा यांनी १९८०मध्ये सशांच्या डोळ्यांत सौंदर्यप्रसाधनं घालून पाहण्याच्या चाचणीविरुद्ध रेव्हलॉन कंपनीला घेरलं. कंपनीने पर्यायी चाचण्यांच्या संशोधनासाठी रॉकफेलर विद्यापीठाला साडेसात लाख डॉलर दिले. भारतात २०१४मध्ये प्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करायला बंदी आली.

आणि आता आपल्यालाच टोचेल अशी गोष्ट. २००९मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत सार्वजनिक पैशातून झालेल्या प्राणी संशोधनाचे २७१ शोधनिबंध तपासले गेले. त्यातल्या ८७ टक्क्यांमध्ये रँडमायझेशनचा आणि ८६ टक्क्यांमध्ये ब्लाइंडिंगचा उल्लेखच नव्हता. म्हणजे "तुम्ही जनावरं वाया घालवता" ही ओरड निव्वळ भावनिक नव्हती. आराखडा कच्चा असेल तर प्राणी खरोखरच वाया जातो.

मग काहीच बोलायचं नाही?

तसं नाही. लॉस एंजेलिसमध्ये २००९ साली माकडांवर काम करणाऱ्या एका संशोधकाची गाडी जाळली गेली. अशा कृत्याचा निषेधच व्हायला हवा. पण निषेध आणि टिंगल वेगळ्या गोष्टी आहेत. गाडी जाळणाऱ्याचा राग प्रोजेक्टला आलेल्या मुलीवर काढणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

विनोदालाही माझी हरकत नाही. मी स्वतःसाठी एक साधी कसोटी ठेवली आहे: वाक्यातला विनोद काढून टाका, मागे युक्तिवाद उरतो का? "कधीच उपयोग झाला नाही म्हणणाऱ्याने इन्सुलिनचं काय ते सांगावं" यात उरतो. पालखीच्या विनोदात काही उरत नाही. उरतो तो फक्त अधिकार: मी सीनियर, लॅब माझी, पिंजऱ्याची किल्ली माझ्याकडे. आपण लॅबमध्ये हसतो तेव्हा पारडं आधीच आपल्या बाजूला झुकलेलं असतं, हे विसरू नका.

तुमच्या कामाचं

तुम्हाला 'फॉर्म बी' भरून संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीपुढे उभं राहावं लागेल. तिथे एक सदस्य संस्थेबाहेरचा वैज्ञानिक असतो आणि एक विज्ञानाशी संबंध नसलेला, सामाजिक जाण असलेला. प्रश्न तेच येतात जे आपण चहाला हसण्यावारी नेतो: प्राणीच का? इतकेच का? वेदना कमी कशी करणार? रसेल आणि बर्च यांनी १९५९मध्ये हेच तीन सूत्रांत मांडलं: पर्याय शोधा, संख्या कमी करा, त्रास कमी करा.

म्हणून एक गृहपाठ देते. तुमच्या नियोजित प्रयोगाविरुद्ध प्राणीहक्क कार्यकर्त्याच्या बाजूने एक पान लिहा. असं लिहा की त्या कार्यकर्त्याने वाचून म्हणावं, हो, माझं म्हणणं हेच आहे. मग त्याला उत्तर लिहा. ज्या मुद्द्याला उत्तर सापडणार नाही, तिथे प्रयोगाचा आराखडा बदला. मी आजही उंदरांवर काम करते आणि ते आवश्यक आहे असं मला वाटतं. पण का वाटतं, हे मला आता दोन वाक्यांत सांगता येतं. त्या उन्हाळ्यात येत नव्हतं, म्हणून मी विनोद केला.

तुमचं पान लिहून झालं की मला जरूर कळवा.