पोर्तुगालची वाट आणि ग्रामनामांची साक्ष

मार्गदर्शकाच्या सोबतीने पोर्तुगालचे पर्यटन करणाऱ्या प्रवाशापुढे इतिहास बहुधा ओळीने मांडला जातो : प्रथम रोमन, मग अरब, तदनंतर ख्रिस्ती राजसत्ता. एक गेला व दुसरा आला, असा हा क्रम. वाटेवरील नावे मात्र निराळी साक्ष देतात. तिचा थोडक्यात परामर्श येथे घ्यावयाचा आहे.

लिस्बन 1147 मध्ये ख्रिस्ती राजाने जिंकले. परंतु तेथील सर्वांत जुन्या वस्तीचे 'आल्फामा' हे नाव उष्ण झऱ्यांच्या वाचक अशा 'अल्-हम्मा' या अरबी शब्दापासूनच आले आहे. भिंतींवरील चित्रित फरश्यांना 'अझुलेजु' म्हणतात. त्यांच्या निळ्या रंगामुळे 'अझुल' (निळा) या शब्दाशी त्यांचा संबंध जोडण्याचा मोह होतो. वस्तुतः मूळ शब्द अरबी 'अझ्-झुलैज' हा आहे. त्यातील आरंभीचा 'अझ्' म्हणजे पुढील 'झ'शी समरूप झालेले 'अल्' हे उपपद होय.

तेजु नदी ओलांडली की आलेंतेजु हा प्रांत लागतो. 'तेजुपलीकडचा' असा त्याचा सरळ अर्थ. तेथील अल्कासर या गावाचे नाव अरबी 'अल्-कस्र' (किल्ला) यावरून पडले. पण 'कस्र' हा शब्दच लॅटिन 'कास्त्रुम्'पासून अरबीत गेलेला आहे. बेजा या नगराचे उदाहरण याहून बोधप्रद आहे. त्याचे रोमन नाव 'पाक्स युलिया'. त्यातील 'पाके' या विभक्तिरूपातील 'क' पुढे तालव्य झाला. अरबीत 'प' नसल्याने त्याचा 'ब' झाला. आणि 'बाजा' हे रूप सिद्ध झाले. आजचे 'बेजा' त्यातूनच निघाले. म्हणजे रोमन नाव टिकले, ते अरबी मुखातून.

दक्षिणेस मेर्तोला येथे 1238 च्या विजयानंतर मशिदीचे चर्च झाले. तिचा मिहराब आजही भिंतीत दिसतो. गावाखालून वाहणाऱ्या ग्वादियानाच्या नावात अरबी 'वादी' (नदी) आणि तिचे प्राचीन नाव 'आनास' ही दोन्ही एकत्र नांदतात.

नुसत्या ध्वनिसाम्यावरून असे निष्कर्ष काढता येत नाहीत. मधल्या काळातील लिखित रूपांचा आधार असावा लागतो. तो मिळाला की एक गोष्ट स्पष्ट होते : राज्य पालटले तरी बोलणारी माणसे एका दिवसात पालटत नाहीत.

याच प्रांतातील एव्होराच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे ग्रंथपाल कुन्या रिव्हारा 1855 मध्ये गोव्यात शासनाचे सचिव म्हणून आले. फादर स्टीफन्सचे 1640 मध्ये राचोल येथे छापलेले कोंकणीचे व्याकरण त्यांनी 1857 मध्ये पुनश्च प्रसिद्ध केले आणि पुढील वर्षी कोंकणीच्या इतिहासावर निबंध लिहिला. 1684 मध्ये याच पोर्तुगीज सत्तेने गोव्यात कोंकणीच्या वापराविरुद्ध आज्ञा काढली होती. ज्या सत्तेच्या स्वदेशातील गावे जितांच्या भाषेतील नावे शतकानुशतके बाळगून होती, तिनेच परभूमीत जितांची भाषा पुसू पाहावी, हा विरोध लक्षणीय आहे. आज्ञा इतिहासजमा झाली. कोंकणी बोलली जातच आहे.