घामाचा भाव (लेखांक ५) : एक कोयता, दोन माणसे

नीरा डाव्या कालव्याने बारामती-इंदापूरचे माळरान उसाखाली कसे आणले, ते मागच्या लेखांकात पाहिले. आता तो ऊस तोडणाऱ्यांकडे वळू. दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालना भागांतून टोळ्या निघतात आणि माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी या कारखान्यांच्या परिसरात कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, उभ्या राहतात. त्यांत वंजारी, बंजारा आणि दलित कुटुंबे मोठ्या संख्येने असतात. कोणी भूमिहीन, कोणी कोरडवाहू तुकड्याचे धनी. या मजुरांना 'कोयता' म्हणून मोजतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, कोयत्यावर, तोडणीचा हिशेब कोयत्याच्या नावे, आणि पैसे मुकादमाकडून बहुधा नवऱ्याच्या हाती. माझे म्हणणे असे, की मजुरी किती तुटपुंजी आहे हे या मोजणीमुळेच झाकले जाते.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि टनामागे २७३ रुपयांचा दर सुमारे ३६६ वर गेला. वाढ मोठी वाटते. पण दोघांनी दिवसभरात दीड टन ऊस तोडला, मोळ्या बांधून डोक्यावरून वाहिल्या, गाडी भरली, तर ५४९ रुपये होतात, म्हणजे माणशी २७४. राज्यात रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर ३१२ रुपये आहे. दोन टन तोडले तर माणशी ३६६ पडतात, पण मग पहाटे फडात उतरावे लागते आणि गाडी रात्री आली तर रात्रीच भरावी लागते. शिवाय संसाराच्या चुली दोन : एक कोपीत, दुसरी गावी म्हाताऱ्यांसाठी. दुखणे निघाले तर दवाखान्याचा खर्च वेगळा आणि कामाचा खाडा वेगळा. बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची सरकारी समितीने २०१९ मध्ये पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीमुळे पडणाऱ्या खाड्याच्या धास्तीचा विचार केल्याशिवाय हा आकडा समजत नाही.

उचल ही अडल्यावेळची मदत आहे, असे सांगितले जाते. लग्नाला, दुखण्याला ती उपयोगी पडते, हे खरेच. पण हंगाम सुरू होण्याआधीच खर्च झालेल्या पैशांची फेड ज्याला करायची आहे, तो दरावर घासाघीस करू शकत नाही. अमेरिकेतील लुईझियानाच्या ऊसमळ्यांवर कृष्णवर्णीय मजुरांना रोख पैशांऐवजी मळ्याच्याच दुकानात चालणाऱ्या चिठ्ठ्या मिळत. रोख मजुरी आणि वाढीव रोज मागत त्यांनी १८८७ मध्ये संप केला, तेव्हा थिबोडो गावात त्यांची कत्तल झाली. तिथली हिंसा आणि इथली उचल एका मापाने मोजता येणार नाही. पण मजुरी हाती येण्याआधीच तिच्यावर दुसऱ्याचा ताबा असणे दोन्हीकडे आहे.

मजुरीवाढीवर अधिक वजनदार आक्षेप शेतकऱ्याचा. तोडणी-वाहतुकीचा खर्च एफआरपीतून, म्हणजे उसाच्या रास्त व किफायतशीर दरातून, कापला जातो, म्हणजे मजुराची वाढ त्याच्या बिलातून जाते. वर तोडणाऱ्यांना खुशाली म्हणून जादा पैसेही द्यावे लागतात. इंदापूरच्या एकरभर उसाच्या धन्याची ही तक्रार रास्त आहे. मात्र २०२५-२६ ची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये आहे. तोडणीत टनामागे ५० रुपयांची वाढ म्हणजे तिच्या दीड टक्काही नाही. इथेनॉल आणि वीज विकणाऱ्या कारखान्यांनी तेवढा भार शेतकऱ्यावर न टाकता स्वतः उचलावा. आणि ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळपावर टनामागे १० रुपये घेतले जातात, तर त्याच्या नोंदणीत बाईचे नाव स्वतंत्र असावे आणि तिच्या वाट्याची मजुरी तिच्याच खात्यावर जावी.